बाजार बंद, आयोग चालू : वायदा बाजार आयोगाची वाटचाल

वायदा करार (विनियमन) कायदा २६ डिसेंबर १९५२ रोजी झाला आणि पुढच्याच वर्षी मुंबईत वायदा बाजार आयोगाची स्थापना झाली. कायद्याची आणि आयोगाची पंचाहत्तरी आता जवळ आली आहे. आयोग स्वतंत्र संस्था म्हणून २८ सप्टेंबर २०१५ रोजी संपला आणि त्याचे काम शेअर बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या 'सेबी'कडे गेले. मग ही पंचाहत्तरी कोणाची, असे कोणी विचारील. ती कामाची आहे. मालाच्या वायद्यावर सरकारी देखरेख ठेवण्याचे जे काम मरीन ड्राइव्हवरच्या 'एव्हरेस्ट' इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून अनेक वर्षे चालले, तेच काम आज वांद्रे-कुर्ला संकुलातून चालते. या काळात खुद्द वायदे बाजार कितीदा तरी बंद पडले. आयोगाचे दप्तर मात्र बंद पडले नाही. हे ज्यांनी केले त्यांची नावे कुठे फारशी छापून आलेली नाहीत. म्हणून हा इतिहास त्यांच्या वतीने.

पूर्वपीठिका : १९५२ पर्यंत

मुंबईतला वायद्याचा धंदा कायद्याच्या कितीतरी आधीचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. कापसाच्या त्या पैशावर शेअर्सचे मुदतीचे सौदे झाले आणि त्यांच्या पूर्ततेची तारीख पडली १ जुलै १८६५. युद्ध त्याआधीच संपले होते, भाव कोसळले होते. त्या तारखेने शहरातल्या कितीतरी पेढ्या धुळीला मिळवल्या. मुदतीच्या सौद्याला शिस्त नसेल तर काय होते, हे मुंबईने इतक्या लवकर पाहिले होते.

शिस्त आधी व्यापाऱ्यांनीच आणली. १८७५ मध्ये बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन स्थापन झाली. देशातल्या संघटित वायदे बाजाराची सुरुवात तिथून मानतात. १८९३ मध्ये बॉम्बे कॉटन एक्स्चेंज निघाले, १९०० मध्ये तेलबियांसाठी गुजराती व्यापारी मंडळी उभी राहिली. उत्तरेत हापूडला गहू आणि पूर्वेला कोलकात्यात ताग व तागाचे कापड, अशी ही बाजारपेठ पसरत गेली. पहिल्या महायुद्धाच्या काळात कापसाचे भाव बेफाम झाले तेव्हा १९१८ मध्ये सरकारने पहिल्यांदा हात घातला. आधी समिती, मग मंडळ, आणि शेवटी १९२२ चा मुंबई प्रांताचा कायदा. त्या कायद्याने कापसाच्या सौद्यांचे नियंत्रण ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनकडे सोपवले. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी या संस्थेचे नेतृत्व दीर्घकाळ केले. कुलाब्याची कापसाची वखार शिवडीकडे हलली आणि 'कॉटन ग्रीन' हे नाव स्टेशनाला कायमचे चिकटले.

या बाजारात आपल्याकडचा माल बसलेला होता, हे आवर्जून सांगायला हवे. वऱ्हाडच्या कापसाला व्यापारात 'ऊमरा' म्हणत, ते अमरावतीवरून. पुढे मुंबईच्या वायद्याचा पाया ठरला तो 'जरीला', म्हणजे खानदेशचा कापूस. जळगावच्या शेतात पिकलेल्या धाग्याच्या लांबीवर शिवडीच्या रिंगणातले भाव ठरत, आणि बाकीच्या जातींचा माल त्यावर चढ किंवा उतार लावून घेतला-दिला जाई.

दुसऱ्या महायुद्धात संरक्षण नियमांखाली एकेक वायदा बंद होत गेला : तेलबिया, खाद्यतेले, मसाले, साखर. कापसातले तेजी-मंदीचे सौदे तर १९३९ मध्येच थांबवले गेले. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताने १९४७ मध्ये स्वतःचा कायदा केला. पण एका प्रांताने नियम कडक केले की धंदा शेजारच्या प्रांतात जाई. म्हणून राज्यघटनेच्या केंद्रीय सूचीत, ४८ व्या नोंदीत, शेअर बाजारांबरोबर वायदे बाजारही घालण्यात आले. मसुदा ए. डी. श्रॉफ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीकडे गेला, नंतर एकापाठोपाठ दोन संसदांच्या प्रवर समित्यांनी तो पारखला, आणि अखेर कायदा झाला.

१९५३ ते १९६० : घडी बसवण्याची वर्षे

हा कायदा ज्यांनी लिहिला त्यांना बाजार आतून माहीत होता. पर्यायाच्या सौद्याची व्याख्या करताना त्यांनी इंग्रजी शब्दांच्या जोडीला तेजी, मंदी, तेजी-मंदी आणि गल्ली ही पेढीवरची नावे जशीच्या तशी घातली आणि कलम १९ खाली हे सारे प्रकार बेकायदा ठरवले. नजराणा देऊन केवळ हक्क विकत घ्यायचा आणि माल न बघता सुटायचे, या प्रकाराने युद्धाच्या आधी अनेक घरे बसली होती. मालातल्या ऑप्शन्सवरची ती बंदी पुढे सहा दशकांहून अधिक काळ टिकली.

बाकी रचना तीन पायऱ्यांची होती. वर केंद्र सरकार, मध्ये आयोग, खाली मान्यताप्राप्त संघटना, म्हणजे आपण ज्याला एक्स्चेंज म्हणतो ते. आयोगात कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार सदस्य. अकरा दिवसांच्या आत माल आणि पैसा हातोहात झाला तर तो हजर सौदा. त्यापुढचा तो वायदा. कलम १५ खाली एखादा माल अधिसूचित झाला की त्याचा वायदा मान्यताप्राप्त संघटनेच्या सभासदामार्फतच व्हायचा, बाहेर केला तर गुन्हा. कलम १७ खाली सरकार एखाद्या मालाचा वायदा पूर्ण बंद करू शकत असे. या कायद्याच्या हयातीतला सगळा चढउतार या दोन कलमांच्या मध्ये आहे : १५ म्हणजे चालवा आणि लक्ष ठेवा, १७ म्हणजे थांबवा.

लक्ष ठेवायचे म्हणजे काय, हे बाहेरच्यांना क्वचितच ठाऊक असते. समजा, वणीचा एक जिनिंगवाला नोव्हेंबरात कापूस घेतो. सरकी काढून, गाठी बांधून, गिरणीला विकेपर्यंत दोन महिने जातात. तेवढ्यात भाव पडला तर त्याचे भांडवल गेले. म्हणून तो खरेदीच्या दिवशीच पुढच्या महिन्याचा वायदा विकून ठेवतो. भाव पडला तर हजर मालात तोटा, वायद्यात नफा. भाव चढला तर उलट. त्याची झोप शाबूत राहते. पण त्याचा वायदा घ्यायला समोर कोणीतरी हवा, आणि तो बहुधा सटोडिया असतो. सटोडियाशिवाय हा बाजार चालत नाही, आणि त्याच्या हाती सोपवून टाकला तर टिकत नाही.

या दोघांच्या मध्ये आयोग उभा होता. रोज संध्याकाळी एक्स्चेंजकडून येणारा तक्ता : कोणत्या महिन्यात किती सौदे उभे आहेत, त्यातले कोणत्या सभासदाकडे किती, हजर भाव आणि वायद्याचा भाव यांत अंतर किती पडले. एकाच पेढीच्या नावावर सौदे साचू लागले की तिची मर्यादा खाली आणायची. भाव एकाच दिशेने धावू लागला की जादा मार्जिन लावायचे, तेही फक्त घेणाऱ्यांवर किंवा फक्त विकणाऱ्यांवर, गरजेप्रमाणे. तेवढ्याने भागले नाही तर दिवसाच्या चढउताराला कुंपण घालायचे. आणि सौद्याची मुदत संपताना माल खरोखर गोदामात आहे का, ठरलेल्या प्रतीचा आहे का, हे बघायचे. उरलेला भाग पत्रव्यवहार, उपविधींची तपासणी, दप्तर तपासायला जाणे. नव्याने आलेल्या तरुण कारकुनाला वरिष्ठ आधी तक्ता वाचायला शिकवत. कायद्याचे पुस्तक त्यानंतर हातात देत. या पहिल्या दशकात ज्यांनी शून्यातून नमुने, नोंदवह्या आणि तपासणीची पद्धत बसवली, त्यांच्या पद्धतीवरच पुढची सारी वर्षे चालली.

मुंबईत कापूस व तेलबिया, कोलकात्यात ताग, उत्तरेत गूळ आणि कोचीत १९५७ पासून मिरी. एवढा पसारा सांभाळायला माणसे थोडी होती. एक्स्चेंजचे सचिव आणि दलाल मंडळी यांनी पहिली काही वर्षे कुरकुर केली असेल. पण दशक संपेपर्यंत तक्ते वेळेवर येऊ लागले.

साठचे दशक : एकेक दार बंद

१९६० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन आयोगाचे हात बळकट झाले. पण परिस्थिती उलटी फिरली. १९६२ मध्ये सोन्याचे वायदे बंद झाले, पाठोपाठ सुवर्ण नियंत्रण आले. १९६५ आणि १९६६ ही सलग दोन वर्षे दुष्काळाची. धान्य परदेशातून आणून शिधावाटप चाललेले, महागाई भडकलेली. अशा वेळी वायद्याच्या बाजूने बोलणे कोणालाही परवडणारे नव्हते. १९६६ मध्ये कापसाचा वायदा थांबला. तेलबियांचेही बहुतेक वायदे एकामागून एक गेले.

त्याच सुमारास प्रा. म. ल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली वायदे बाजारांचा आढावा घेणारी समिती नेमली गेली. कापसाच्या व्यापाराचा दांतवाला यांच्याइतका अभ्यास असलेला दुसरा अर्थशास्त्रज्ञ तेव्हा देशात शोधून सापडला नसता. वायद्याचे उपयोग त्यांनी मांडले. काळ ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. जून १९६९ मध्ये शेअर्सच्या मुदतीच्या सौद्यांवरही बंदी आली.

सरकार, आयोग आणि व्यापारी संघटना यांच्यात या वर्षांत मतभेद झाले. त्या त्या वेळी ते मिटलेही. त्यांचा तपशील इथे देण्याचे कारण नाही. सर्वांसमोर टंचाई खरी होती, आणि प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे देशाचे हित पाहिले.

सत्तरचे दशक : मिरी आणि हळद

या दशकात देशात अधिकृत वायदा चालला तो जवळजवळ दोनच जिनसांचा. कोचीला मिरी आणि सांगलीला हळद.

सांगलीचे स्पाइसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज हे या काळात आयोगाच्या दृष्टीने फार मोलाचे ठरले, आणि महाराष्ट्राने त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. सांगलीत हळद टिकत असे, कारण शेजारच्या हरिपूरच्या जमिनीत पेवे होती. तोंड अरुंद, आत पोट मोठे, खोली दोन-तीन पुरुष. हळद भरून वर पाला, मग माती, असे तोंड बुजवले की माल वर्षानुवर्षे कीड न लागता राहतो. पेव उघडले की माणूस लगेच आत उतरत नाही. कोंडलेला वायू निघून जाऊ देतात. टिकणारा माल, ठाऊक असलेली प्रत आणि साठवणीची खात्री या तीन गोष्टी असल्या की वायदा चालवता येतो, आणि सांगलीत तिन्ही होत्या. तिथला तक्ता छोटा असे. पण मर्यादा, मार्जिन, मुदतीअखेरची पूर्तता हे सगळे त्यात होते. मोठे बाजार बंद असताना आयोगाच्या तपासनिसांचा हात चालू राहिला तो या छोट्या तक्त्यांवर. हरिपूरची बरीच पेवे २००५ च्या महापुरात बाद झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

कापसाची गोष्ट वेगळ्याच वाटेने गेली. महाराष्ट्राने १९७१ चा कायदा करून पुढच्या वर्षी एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. राज्यात कापसाचा एकच खरेदीदार आणि भाव आधीच जाहीर. मग वायद्याला कामच उरले नाही. शेतकऱ्याला भावाची हमी हवी होती. वायद्यातून ती मिळत नाही अशी भावना होती आणि ती खोटी नव्हती, कारण तोवर वायद्याच्या बाजारात शेतकरी स्वतः कधी शिरलाच नव्हता.

मग आयोग काय करत होता? आकडे जमवत होता. बंदी असलेल्या जिनसांचेही हजर भाव, आवक, साठे यांची नोंद चालू होती आणि त्यावरून मंत्रालयाला सल्ला जात होता. बेकायदा वायदे उघडकीस आणायला पोलिसांना मदत हे दुसरे मोठे काम. बंदी आली म्हणून भावाची जोखीम संपत नाही. ती बंद खोलीतल्या टेलिफोनवर जाते, चिठ्ठ्यांवर जाते, 'डब्बा' म्हणतात त्या बेकायदा सौद्यांत जाते. छाप्यात सापडलेल्या वहीत खुणा आणि आकडे असत. त्या वायद्याच्या नोंदी आहेत, हजर मालाच्या नाहीत, हे न्यायालयात पटवायला जाणकार माणूस लागे, आणि तो आयोगातून जाई. पोलीस अधिकाऱ्यांना या वह्या वाचायला शिकवण्याचे वर्गही आयोगाने घेतले. जिथे तक्ता येत नाही, मार्जिन नाही, मर्यादा नाही, तिथे काय चालते ते या माणसांनी जवळून पाहिले. पुढे बाजार उघडावेत असे म्हणणाऱ्यांत आयोगातलीच माणसे आघाडीवर होती, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

ऐंशीचे दशक

प्रा. ए. एम. खुस्रो यांच्या समितीने अनेक जिनसांचे वायदे पुन्हा सुरू करण्याची शिफारस केली. त्यानंतर १९८२ मध्ये गूळ आणि १९८५ मध्ये एरंडी यांचे वायदे प्रत्यक्षात आले. गुळाचे बाजार उत्तरेत बरेच होते, एरंडीचे मुंबई-गुजरातकडे. एवढ्याने दप्तर पुन्हा जाड होऊ लागले.

नव्वदचे दशक : पुन्हा विचार

१९९१ नंतर आयात-निर्यात मोकळी होऊ लागली आणि जागतिक भावांचा धक्का थेट आपल्या बाजार समितीपर्यंत पोहोचू लागला. १९९३ मध्ये प्रा. के. एन. काब्रा यांची समिती नेमली गेली. तिच्या १९९४ च्या अहवालात सतरा जिनस-गटांत वायदे सुरू करावेत असे म्हटले होते. आयोग आणि एक्स्चेंज यांना आधी सक्षम करा, हाही त्या अहवालाचा आग्रह होता. जागतिक बँक आणि अंक्टाड यांचा १९९६ चा अहवाल त्याच अंगाने बोलला. कोचीला १९९७ मध्ये मिरीचा आंतरराष्ट्रीय वायदा निघाला. १९९८ मध्ये ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनला कापसाच्या वायद्याची परवानगी परत मिळाली, बत्तीस वर्षांनी.

याच दशकात शेजारी एक दुसरी संस्था वाढत होती. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'सेबी'ला १९९२ मध्ये कायद्याचा आधार मिळाला. डॉ. एल. सी. गुप्ता समितीचा अहवाल आणि प्रा. जयंत वर्मा यांच्या गटाची जोखीम-नियंत्रणाची चौकट या दोन्ही गोष्टी १९९८ च्या. त्यांच्या आधारावर १९९९ अखेर कायद्यात बदल झाला, १९६९ ची बंदी मार्च २००० मध्ये उठली, आणि जून २००० मध्ये मुंबईच्या दोन्ही शेअर बाजारांत निर्देशांकाचे फ्युचर्स सुरू झाले. वर्षभरात ऑप्शन्स आले. जुलै २००१ मध्ये 'बदला', म्हणजे शेअर्सचे सौदे पुढे ढकलण्याची जुनी पद्धत, गेली. शेअर्सच्या बाजूला ऑप्शन कायदेशीर आणि मालाच्या बाजूला बेकायदा, अशी स्थिती पुढे बरीच वर्षे राहिली.

२००१ ते २०१० : पूर

१ एप्रिल २००३ रोजी केंद्र सरकारने ५४ जिनसांवरची बंदी एका अधिसूचनेने उठवली. आयोगाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा दिवस. अहमदाबादचे नॅशनल मल्टी कमोडिटी एक्स्चेंज नोव्हेंबर २००२ मध्येच सुरू झाले होते. मुंबईचे एमसीएक्स नोव्हेंबर २००३ मध्ये आणि एनसीडीईएक्स डिसेंबर २००३ मध्ये उघडले. रिंगणातला आरडाओरडा गेला, पडद्यावर सौदे आले. सोने, चांदी, तांबे, कच्चे तेल. हरभरा, गवार, सोयाबीन, हळद. २००३-०४ मध्ये सर्व एक्स्चेंजेसची मिळून उलाढाल १.२९ लाख कोटी रुपये होती. २०११-१२ मध्ये ती १८१ लाख कोटींवर गेली.

या आकड्यांकडे पाहताना दुसरी बाजू विसरू नये. आयोगाची माणसे त्या प्रमाणात वाढली नाहीत. कायदा १९५२ चाच होता, दंडाची रक्कमही त्या काळाला शोभणारी. कायदा सुधारण्यासाठी जानेवारी २००८ मध्ये अध्यादेश निघाला, पण तो व्यपगत झाला. २०१० चे विधेयकही मंजूर झाले नाही. हातात होते तेवढ्या अधिकारावर आयोगाने ग्राहकवार नोंदणी, पॅनची सक्ती, रोजच्या उभ्या सौद्यांची तपासणी आणि सभासदांची दप्तर-तपासणी बसवली. कष्टाच्या दृष्टीने पाहिले तर पन्नासच्या दशकानंतर आयोगाने इतके काम पुन्हा याच वर्षांत केले.

महागाई आली की जुना संशयही आला. जानेवारी २००७ मध्ये तूर आणि उडीद, फेब्रुवारीत गहू आणि तांदूळ यांचे वायदे बंद झाले. मे २००८ मध्ये हरभरा, बटाटा, रबर आणि सोया तेल थांबले, ते नोव्हेंबरअखेरपर्यंत. २००९ मध्ये साखर. वायद्यामुळे भाव वाढतात का, हे तपासायला प्रा. अभिजित सेन यांची समिती नेमली होती. तसा ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असे तिने २००८ च्या अहवालात सांगितले. गव्हाचा वायदा मे २००९ मध्ये परत आला. तुरीचा आला नाही. लातूरच्या डाळ मिलवाल्याला आणि मराठवाड्यातल्या तूर उत्पादकाला पुढच्या पेऱ्याआधी भावाचा अंदाज देणारे एक साधन त्या जानेवारीत गेले. तुरीचा भाव त्यानंतरही कित्येकदा चढला आणि पडला.

या दशकातली एक गोष्ट मला वैयक्तिक समाधान देते. बाजार समित्यांच्या आवारात भावाचे इलेक्ट्रॉनिक फलक लावण्याची योजना आयोगाने हाती घेतली. लाल अक्षरांत सरकत जाणारा हजर भाव आणि पुढच्या महिन्यांचे वायद्याचे भाव. लिलावाच्या ओट्याशी पोत्यावर बसलेला शेतकरी मान वर करून तो वाचतो, शेजाऱ्याला विचारतो, आणि अडत्याने सांगितलेल्या भावाला लगेच हो म्हणत नाही. वायदा न करताही वायद्याचा उपयोग झाला तो असा. गोदाम पावत्यांना कायद्याचे बळ देणारा २००७ चा वखार कायदाही २०१० मध्ये अमलात आला, आणि गोदामातल्या मालावर कर्ज मिळण्याची वाट रुंदावली.

२०११ ते २०१५ : कसोटी आणि विलीनीकरण

गवार गम परदेशात तेलविहिरींसाठी लागू लागला आणि त्याचे भाव आभाळाला भिडले. मार्च २०१२ मध्ये गवारीचा वायदा थांबवावा लागला आणि मे २०१३ मध्ये नव्या, कडक अटींवर परत सुरू झाला.

जुलै २०१३ च्या अखेरीस नॅशनल स्पॉट एक्स्चेंजमधले व्यवहार थांबले. सुमारे तेरा हजार गुंतवणूकदारांचे जवळपास ५,६०० कोटी रुपये अडकले. हे हजर मालाचे एक्स्चेंज २००७ च्या एका सवलतीखाली चालत होते. गोदामात माल आहे की नाही, हा पन्नासच्या दशकातला पहिला धडा इथे पुन्हा समोर आला, फार मोठी किंमत देऊन. सप्टेंबर २०१३ मध्ये आयोग ग्राहक व्यवहार मंत्रालयाकडून अर्थ मंत्रालयाकडे गेला. डिसेंबरमध्ये आयोगाने प्रवर्तक कंपनी एक्स्चेंज चालवण्यास 'योग्य आणि पात्र' नाही, असा सविस्तर आदेश दिला. त्या महिन्यांत तिसऱ्या मजल्यावरचे दिवे उशिरापर्यंत चालू असत. मोजक्या माणसांनी मोठे काम केले, एवढे नक्की म्हणेन.

२०१५ च्या वित्त कायद्याने वायदा करार कायदा रद्द झाला, मालाचे वायदे 'रोखे' या व्याख्येत आले आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी आयोग सेबीत विलीन झाला. अर्थमंत्री अरुण जेटली त्या समारंभाला मुंबईत हजर होते. रमेश अभिषेक हे आयोगाचे शेवटचे अध्यक्ष. बासष्ट वर्षांच्या फायली, तक्ते, आदेश बांधून पाठवताना कोणाला वाईट वाटले नसेल असे नाही. पण छापे घालण्याचा, दंड करण्याचा, मालमत्ता गोठवण्याचा जो अधिकार आयोग वर्षानुवर्षे मागत होता, तो या कामाला विलीनीकरणातूनच मिळाला.

सेबीच्या छत्राखाली : २०१५ पासून

सेबीने मालाच्या वायद्यांसाठी स्वतंत्र विभाग केला. ऑक्टोबर २०१७ मध्ये एमसीएक्सवर सोन्याचे ऑप्शन सुरू झाले. कलम १९ ने मिटलेले दार पासष्ट वर्षांनी उघडले. जानेवारी २०१८ मध्ये गवारीचा पर्याय आला. शेतकऱ्यासाठी पर्याय हा वायद्यापेक्षा सोयीचा : नजराणा भरायचा, भाव पडला तर ठरलेला भाव मिळतो, चढला तर बाजारात विकायला मोकळे, आणि रोजच्या मार्जिनची कटकट नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी त्यात रस दाखवला. ऑक्टोबर २०१८ पासून मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार यांनाही मालाचे वायदे चालवता येऊ लागले.

२० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेत कच्च्या तेलाचा वायदा शून्याच्या खाली गेला आणि एमसीएक्सला आपला सौदा पिंपामागे उणे २,८८४ रुपयांवर मिटवावा लागला. उणे भाव आपल्या संगणक-प्रणालीत धरलाच नव्हता. त्यानंतर मार्जिनचे नियम बदलले. डिसेंबर २०२१ मध्ये बिगर-बासमती भात, गहू, हरभरा, मोहरी, सोयाबीन, कच्चे पामतेल आणि मूग या सातांचे वायदे वर्षासाठी थांबवण्यात आले, आणि ती स्थगिती पुढे वेळोवेळी वाढवली गेली. जुलै २०२५ मध्ये विजेचा वायदा सुरू झाला.

शेअर्सच्या फ्युचर्स-ऑप्शन्सकडे सेबीचे आज सर्वाधिक लक्ष आहे, ते रास्त आहे. सप्टेंबर २०२४ च्या सेबीच्याच अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. यांतले कित्येक जण तिशीच्या आतले, मोबाइलवर सौदे करणारे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने कराराची किमान रक्कम १५ लाख रुपये केली, साप्ताहिक मुदतीचे करार प्रत्येक बाजारात एकाच निर्देशांकापुरते ठेवले आणि मुदतीच्या दिवशीचे मार्जिन वाढवले. ज्याच्याकडे विमा उतरवायला माल नाही आणि तोटा सोसायला भांडवल नाही, त्याला या बाजारात सहज शिरता येऊ नये, हा १९५२ च्या कायद्याचाही हेतू होता. या निर्णयाला आयोगाच्या जुन्या मंडळींचा मनापासून पाठिंबा आहे.

शेतमालाबाबत मात्र आमचे म्हणणे वेगळे आहे. स्थगितीच्या काळात लातूर-अकोल्याचा सोयाबीन व्यापारी आणि तिथली शेतकरी कंपनी शिकागोचा भाव पाहून अंदाज बांधत राहिली. तो भाव आपल्या पावसाचा नाही, आपल्या आयातकराचाही नाही. हरभरा आणि सोयाबीन या दोन जिनसांत लहान मर्यादा, भरपूर मार्जिन आणि सक्तीची माल-पूर्तता घालून सुरुवात करावी. गोदामे आहेत, प्रत तपासणारी यंत्रणा आहे, संध्याकाळचा तक्ता वाचणारी माणसेही आहेत. आयोगात वेगवेगळ्या दशकांत काम केलेल्या आम्हा अनेकांचे हे मत, स्मरणिकेच्या निमित्ताने, सेबीतल्या आमच्या आजच्या सहकाऱ्यांसमोर ठेवत आहे.